सहाणेवरचं सालटं

द्वारकेच्या चौकात उभं राहून कुणाशी बोलायचं म्हणजे ओरडावंच लागतं. एकीकडून मुंबई-आग्रा रस्ता, दुसरीकडून पुण्याचा रस्ता, डोक्यावर उड्डाणपूल आणि मधे रिक्षावाल्यांची ‘नाशिकरोड, नाशिकरोड’ अशी हाळी. अशा गोंगाटात गेल्या श्रावणात मी एका ज्यूसवाल्याकडे डाळिंबाची सालं मागत उभी होते. ज्यूस नको, नुसती सालं हवीत, हे तीनदा सांगितल्यावर त्याला कळलं.

“गाय आहे का काकू?” त्यानं विचारलं.

“नाही रे बाबा, भाची आहे,” मी म्हटलं.

तो हसला आणि पिशवी गच्च भरून दिली. पैसे घेतले नाहीत. त्याच्या गाडीमागे पोतं भरून सालं पडली होती. श्रावण म्हणजे उपासाचे दिवस आणि त्याच सुमाराला आपल्याकडे आंबे बहाराची डाळिंबं बाजारात असतात. सटाणा, मालेगाव, देवळा, कळवण अशा सगळ्या बाजूंनी माल येतो. डाळिंबाचं निम्म्याच्या आसपास वजन सालीचंच असतं. म्हणजे आपण किलोभर डाळिंब घेतो तेव्हा जवळजवळ अर्धा किलो कचऱ्यात टाकायलाच विकत घेतो!

ही भाची म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीची लेक. मायक्रोबायोलॉजीत एमएस्सी करते. काठे गल्लीतलं माझं घर तिच्या कॉलेजला जवळ पडतं, म्हणून दोन वर्षं माझ्याकडेच राहायला आहे. प्रोजेक्टसाठी तिनं विषय घेतला होता, डाळिंबाच्या सालीचा अर्क आणि त्याचा जंतूंवर होणारा परिणाम. विषय सांगितला तेव्हा मी भाजी निवडत होते. ऐकून माझा हात थांबला. तिच्याही ते लक्षात आलं. आमच्या घरात डाळिंबाच्या सालीचा विषय निघाला की सगळे थोडे गप्प होतात. का, ते पुढे सांगते.

माझं माहेर सटाण्याजवळचं. वडिलांनी लावलेली डाळिंबाची बाग आता भाऊ बघतो. आईकडे बाळगुटीचा एक लाकडी डबा होता. त्यात हळकुंड, वेखंड, मुरुडशेंग, जायफळ, हिरडा, मायफळ आणि डाळिंबाचं वाळवलेलं सालटं. साल वाळली की लाकडासारखी कडक होते. पोराचं पोट बिघडलं की आई सहाणेवर पाण्याचे दोन थेंब टाकायची आणि ते सालटं उगाळायची. पिवळट तपकिरी गंध तयार व्हायचं. बोटाच्या टोकाने चाटवलं की पोर तोंड वेडंवाकडं करायचं. इतकं तुरट! मोठ्यांना खोकला झाला की सालीचा तुकडा गालात धरायला द्यायची. हिरड्या सुजल्या तर सालीच्या कोमट काढ्याच्या चुळा. जुन्या पांढऱ्या पातळाला रंग द्यायचा तर साल उकळायची. पिवळसर रंग यायचा, आणि त्याच पाण्यात गंजका खिळा पडला की राखाडी-काळपट.

हे सगळं एकाच गुणामुळे होतं, हे मला फार उशिरा कळलं. डाळिंबाच्या सालीत टॅनिन नावाची द्रव्यं भरपूर असतात. टॅनिनला प्रथिनांचा भारी सोस. दिसलं प्रथिन की जाऊन चिकटायचं. लाळेतल्या प्रथिनांना चिकटलं की जीभ ओढल्यासारखी होते, त्यालाच आपण तुरट म्हणतो. कातड्यातल्या प्रथिनांना चिकटलं की कातडं कमावलं जातं. म्हणून चांभार आणि ढोर मंडळी बाभळीची साल, हिरडा वापरत आली. कापसाला तेच टॅनिन रंग धरून ठेवायला मदत करतं, आणि लोखंडाशी गाठ पडली की काळं होतं. सुजलेल्या हिरडीवर, आतड्याच्या आतल्या ओल्या अस्तरावरही ते तसंच आवळून बसतं. आयुर्वेदाने या गुणाला ‘ग्राही’ म्हटलं, म्हणजे धरून ठेवणारं. रक्ती आवेवर कुड्याच्या सालीबरोबर डाळिंबाच्या सालीचा काढा सांगितला आहे तो याच गुणासाठी. आईला टॅनिन माहीत नव्हतं, पण गुण बरोबर माहीत होता.

भाचीने सालं धुतली, गच्चीत सावलीला वाळवली, मिक्सरला फिरवली. माझा मिक्सर त्या दिवसापासून आठवडाभर तुरट होता, चटणीसुद्धा तुरट लागायची. ती पूड तिनं कॉलेजात नेऊन मिथेनॉलमध्ये भिजवली, गाळली आणि मिथेनॉल उडवून लावलं. खाली राहिला तो अर्क, काळपट, चिकट, काकवीसारखा.

“मावशी, चाखू नकोस हं,” ती म्हणाली. “मिथेनॉल म्हणजे विष. विषारी दारूच्या बातम्या वाचतेस ना, त्यात माणसं मरतात ती यानंच.”

हे मला नवीन होतं. आपण वाचतो की ‘डाळिंबाच्या सालीच्या अर्कात जंतुनाशक गुण आढळले’, आणि आपल्या डोळ्यापुढे येतो तो घरचा काढा. पण काढ्यात फक्त पाण्यात उतरणारं तेवढं उतरतं. मिथेनॉलमध्ये आणखी बरंच काही उतरतं, आणि पाणी-मिथेनॉल दोन्ही उडवून दिल्यावर ते कित्येक पट दाट होतं. प्रयोगशाळेतला अर्क आणि आपल्या पातेल्यातला काढा ही एकाच आडनावाची दोन वेगळी माणसं आहेत म्हणा ना.

मग एके दिवशी ती मोबाईलवर फोटो घेऊन आली. काचेची गोल बशी, तळाशी जेलीसारखा थर, त्यावर जंतूंची पांढुरकी साय. मधोमध अर्कात बुडवलेली कागदाची टिकली आणि टिकलीभोवती स्वच्छ वर्तुळ. तिथे जंतू वाढलेच नव्हते. फोडांमध्ये सापडणाऱ्या स्टॅफिलोकॉकसच्या बशीत वर्तुळ चांगलं मोठं होतं. पोट बिघडवणाऱ्या ई. कोलायच्या बशीत अगदी बारीक. शेजारी अँटिबायोटिकची टिकली होती, तिचं वर्तुळ दोन्हीकडे मोठं.

मला एकदम भरून आलं. म्हटलं, “म्हणजे सापडलं की गं औषध!”

“औषध नाही सापडलं मावशी, वर्तुळ सापडलं,” ती म्हणाली. “या बशीत डेटॉल टाकलं तरी वर्तुळ येतं. म्हणून डेटॉल पितं का कुणी?”

पोरगी स्पष्ट बोलते, आजीवर गेली आहे. पुढचं तिनं मला भाजी चिरता चिरता समजावलं. बशीत जंतू आणि अर्क समोरासमोर असतात, मधे कुणी नसतं. पोटात गेल्यावर आधी जठरातलं आम्ल, मग जेवण, मग आतडं. डाळिंबाच्या सालीतलं मुख्य द्रव्य आहे प्युनिकॅलाजिन. ते रक्तात तसंच्या तसं जवळपास पोचतच नाही. आतड्यात त्याचे तुकडे होतात, आणि आतड्यातले आपलेच जंतू त्या तुकड्यांपासून युरोलिथिन नावाची वेगळी द्रव्यं बनवतात. गंमत म्हणजे हे जंतू सगळ्यांच्या पोटात सारखे नसतात. एकीच्या पोटात युरोलिथिन भरपूर तयार होतं, दुसरीच्या पोटात जवळजवळ नाहीच. एकाच पातेल्यातला काढा दोन जावांनी प्यायला तरी गुण वेगळा! आता बशीतल्या वर्तुळावरून कुणाला काय सांगणार?

म्हणजे साल निरुपयोगी का? तसंही नाही. आणि इथेच मला ती १९९८ सालची गोष्ट सांगायला हवी.

मे महिना होता. मी चौदा महिन्यांच्या मुलाला घेऊन माहेरी गेले होते. लग्नाचं जेवण, बाहेरचं पाणी, काय झालं कुणास ठाऊक, त्याला पहाटेपासून जुलाब सुरू झाले. दुपारपर्यंत सात-आठ वेळा. आईने सहाण काढली. डाळिंबाचं सालटं उगाळून दर तासाला चाटवलं. आणि खरंच सांगते, गुण आला. दुपारनंतर फक्त दोनदा झालं, तेही थोडंथोडं. संध्याकाळी त्याने रडणंही थांबवलं. आई म्हणाली, “बघ, शांत झोपला.” मीही निर्धास्त झाले. जुलाब चालू असताना दूध-पाणी दिलं तर आणखी होतील, असं तेव्हा आमच्याकडे सगळेच मानायचे. म्हणून दिवसभर त्याला पाणीही बेताबेतानंच दिलं होतं.

रात्री साडेआठला भाऊ मळ्यातून आला. त्याने पोराला उचललं आणि म्हणाला, “ताई, याची मान बघ गं कशी पडतेय.” दिव्याखाली नेलं तर डोळे खोल गेलेले, ओठ कोरडे, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर घडी तशीच राहायची. तो शांत झोपला नव्हता. त्याच्यात रडायची ताकद उरली नव्हती.

मोटारसायकलवरून सटाण्याला नेलं. डॉक्टरांनी त्याला तपासता तपासता मला एकच प्रश्न विचारला, “शेवटची शू कधी केली यानं?”

मला सांगता येईना. किती वेळा शी झाली ते आम्ही घरातल्या चार बायकांनी अगदी बोटांवर मोजलं होतं. शू कुणीच मोजली नव्हती.

सलाईन लावलं. रात्री दोनच्या सुमाराला त्याने शू केली तेव्हा मी आणि भाऊ दोघंही रडलो. डॉक्टर ओरडले नाहीत. सकाळी आईही आली होती, तिला एवढंच म्हणाले, “आजी, जुलाब थांबले म्हणून गेलेलं पाणी भरून येत नाही.” आईने घरी जाऊन सहाण आणि गुटीचा डबा धुतला, फडक्यात बांधला आणि माळ्यावर टाकला. त्यानंतर आमच्या घरात गुटी उगाळली गेली नाही.

मुलाला अपाय सालीने केला नव्हता. तिने तिचं काम केलं होतं, आतडं आवळून शी कमी केली होती. पण जुलाबात लेकरू दगावतं ते शी फार झाली म्हणून नव्हे, तिच्यातून पाणी आणि मीठ गेलं म्हणून. ते भरून काढणारं औषध तेव्हाही काही नवीन नव्हतं. १९७१ साली बांगलादेशच्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला होता, सलाईन संपत आलं होतं. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर, मीठ आणि सोडा घातलेलं पाणी पिंपांतून वाटलं आणि मृत्यूंचं प्रमाण खाली आणलं. त्यांचं २०२२ मध्ये निधन झालं. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं, तेव्हा बातमी वाचून मी आईला फोन केला होता. ती फक्त “हं” म्हणाली.

आज ओआरएसची पुडी सरकारी दवाखान्यात फुकट मिळते, आशाताईंकडेही असते. पुडीवर लिहिलं असेल तेवढ्याच पाण्यात ती कालवायची, कमी पाण्यात नाही. आणि हो, दुकानात त्याच नावासारखी गोड सरबतं खोक्यात मिळायची, ती वेगळी. पुडी नसेलच तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमच्या-चमच्याने पाजत राहायचं, अंगावरचं दूध चालू ठेवायचं. २००४ पासून जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ दोघंही सांगतात की याबरोबर दहा ते चौदा दिवस झिंकची गोळी द्यावी. सहा महिन्यांच्या वरच्या मुलाला रोज २० मिलिग्रॅम, त्याखालच्या बाळाला १०. सहा तास शू नाही, डोळे किंवा टाळू खोल गेली, शीत रक्त आहे, बाळ मलूल पडलंय, मग काहीही उगाळत बसू नका. थेट दवाखाना.

आता दुसरा प्रसंग, अगदी अलीकडचा. माझ्या जाऊबाईंना नऊ वर्षं साखरेचा त्रास. (त्यांना विचारूनच लिहिते आहे.) कुणीतरी त्यांना ‘डाळिंब सालीचा शुद्ध अर्क’ असं लिहिलेल्या कॅप्सूल दिल्या. महिन्याचा डबा बाराशे रुपयांचा. देणाऱ्याने सांगितलं की नैसर्गिक आहे, साखर मुळापासून जाईल, हळूहळू गोळ्या सोडा. जाऊबाईंनी हळूहळू नाही, एकदम सोडल्या. अडीच महिन्यांनी पायाच्या बोटाची जखम भरेना म्हणून रक्त तपासलं तर तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा सातवरून दहाच्या वर गेलेला. बोट वाचलं, ते थोडक्यात. मला त्या म्हणाल्या, “अगं, डाळिंबाचंच तर होतं. डाळिंबाने काय वाईट होणार?”

हा प्रश्न आपल्या सगळ्यांचाच आहे, म्हणून मी त्यांना हसले नाही. साल आपल्या ओळखीची, म्हणून तिचं नाव लावलेली डबीही आपल्याला ओळखीची वाटते. तो भरवसा बाजाराने बरोबर ओळखला आहे. मधुमेह, कर्करोग अशा आजारांवर हमखास उपाय म्हणून जाहिरात करायला आपल्या देशात १९५४ च्या कायद्यानेच बंदी आहे. पण कानोकानी होणाऱ्या जाहिरातीला कायदा कुठून धरणार?

अमेरिकेत मात्र एकाला धरला. २००० साली स्पेन आणि कॅलिफोर्नियातल्या संशोधकांना दिसलं की कारखान्यात अख्खं फळ दाबून काढलेल्या डाळिंब रसात रेड वाईन किंवा ग्रीन टीपेक्षा तिप्पट अँटिऑक्सिडंट गुण असतो, कारण दाबताना सालीतलं टॅनिन रसात उतरतं. झालं, डाळिंबाची हवा झाली. तिथल्या पॉम वंडरफुल कंपनीने रस आणि रस काढून उरलेल्या चोथ्याचा अर्क भरलेल्या गोळ्या बाजारात आणल्या, आणि हृदयविकार, प्रोस्टेटचा कर्करोग यांपासून त्या वाचवतात अशा जाहिराती केल्या. तिथल्या संघीय व्यापार आयोगाने २०१० मध्ये तक्रार दाखल केली. कंपनीने भरपूर पैसा ओतून संशोधन करवून घेतलं होतं, पण जाहिरातीतले दावे त्यातून सिद्ध होत नव्हते. २०१३ मध्ये आयोगाने आणि २०१५ मध्ये अपील न्यायालयाने त्या जाहिराती फसव्या ठरवल्या. डाळिंब खोटं ठरलं नाही हं, जाहिरात खोटी ठरली.

आमसुलाच्या भावकीतही असंच झालं. आमसूल म्हणजे कोकमाच्या फळाची वाळवलेली सालच की! आमटीत, सोलकढीत आपण ती पिढ्यान् पिढ्या खातोय. त्याच जातीचं केरळात एक फळ असतं, त्याची साल तिथे माशाच्या कालवणात घालतात. कुणाचं काही बिघडलं नाही. त्या सालीतलं एक आम्ल वेगळं काढून, दाट करून ‘गार्सिनिया कंबोजिया’ नावाच्या वजन घटवायच्या कॅप्सूल झाल्या. १९९८ मध्येच अमेरिकेत १३५ जणांवर बारा आठवडे चाचणी झाली होती. कॅप्सूल घेणाऱ्यांचं वजन नुसती पिठाची गोळी घेणाऱ्यांपेक्षा जास्त उतरलं नाही. पण विक्री थांबली नाही, आणि पुढे या कॅप्सूलनंतर यकृताला इजा झालेले रुग्ण जगभरातल्या डॉक्टरांनी नोंदवले. कालवणातले दोन तुकडे आणि रोजच्या कॅप्सूल यांत हा एवढा फरक.

म्हणजे सालीपासून औषध कधी झालंच नाही का? झालंय. आणि ते आपल्यापैकी अनेकींनी घेतलंही असेल, फक्त कुणी सांगितलं नसेल. संत्रं सोलल्यावर सालीच्या आत जो पांढरा मऊ थर असतो, तो आपण नखांनी खरवडून टाकतो. त्यातून १८२८ मध्ये लेब्रेटन नावाच्या फ्रेंच माणसाने हेस्पेरिडिन वेगळं काढलं. हंगेरीच्या सेंट-ग्यॉर्गी यांनी, ज्यांना १९३७ चं नोबेल मिळालं, लिंबवर्गी फळांतल्या अशाच द्रव्यांचा बारीक रक्तवाहिन्यांशी संबंध जोडला. पुढे हेस्पेरिडिनवर प्रक्रिया करून डायोस्मिन बनवायला लागले. आज मूळव्याध आणि पायांच्या फुगलेल्या शिरांसाठी डॉक्टर ज्या गोळ्या देतात, त्यांतल्या एका नेहमीच्या गोळीत ४५० मिलिग्रॅम डायोस्मिन आणि ५० मिलिग्रॅम हेस्पेरिडिन असतं. या गटातल्या औषधांच्या चाचण्या कोक्रेन संस्थेने २०१२ मध्ये एकत्र तपासल्या, तेव्हा मूळव्याधीचं रक्त जाणं आणि खाज कमी होते असं दिसलं. बाळंतपणानंतर हे दुखणं किती जणी तोंड मिटून सोसतात ते मी वेगळं सांगायला नको. तर १८२८ ते आज, इतका हा रस्ता लांब. कोणतं द्रव्य, किती मिलिग्रॅम, किती दिवस, कुणाला देऊ नये, हे सगळं माणसांवर तपासल्यावर ती साल ‘औषध’ झाली. म्हणून संत्र्याची सालं चावून मूळव्याध बरी होणार नाही, आणि ती गोळीसुद्धा डॉक्टरांना न विचारता घ्यायची नाही. रक्त जातंय म्हणजे मूळव्याधच, असं घरी बसून ठरवता येत नाही.

बहिणींनो, तुम्ही म्हणाल, मग आम्ही करायचं तरी काय, सालं फेकायची? मी काय करते ते सांगते. हिरड्या दुखल्या की सालीच्या गाळलेल्या काढ्याच्या चुळा अजूनही भरते, गिळत नाही. दोन दिवसांत उतार पडला नाही तर दाताच्या डॉक्टरकडे जाते. सुती ओढण्या रंगवते. पण सालीची पूड रोज पाण्यातून प्या, रक्त शुद्ध होतं वगैरे जे सांगतात ते मी करत नाही, आणि तुमच्यापैकी जिचं हिमोग्लोबिन कमी आहे तिने तर मुळीच करू नये. टॅनिन लोखंडाला धरतं, ते मघाशी गंजक्या खिळ्यात पाहिलंच आपण. जेवणाबरोबर ते पोटात गेलं की पालेभाजीतलं लोह अंगी लागत नाही. जेवणावर लगेच चहा नको म्हणतात तेही याचसाठी. गरोदर बाईनेही असले काढे घेऊ नयेत. आणि झाडाच्या मुळाची साल तर हातातही धरायला नको. जंतांवर ती पूर्वी द्यायचे खरं, पण तिच्यातली द्रव्यं जास्त झाली तर चक्कर, उलट्या, डोळ्यांपुढे अंधारी, इथवर मजल जाते.

आणखी एक गोष्ट मला भावाने सांगितली. त्याची निम्मी बाग तेल्या रोगाने गेली, हे आमच्या भागात घरोघरी झालंय. “ताई,” तो म्हणाला, “तेल्या आला की बोर्डो मारावं लागतं, बुरशी आली की वेगळं, फुलकिड्यांना वेगळं. दाणे आत सुरक्षित असतात. पण तू जी साल उकळतेस ती पावसापाण्यात, फवाऱ्यात बाहेर उभी असते.” २०१० मध्ये आपल्या नाशिकच्या द्राक्षांची युरोपात किती कोंडी झाली होती, आठवतं का? वेलीला मारलेल्या एका औषधाचा अंश सापडला म्हणून. परदेशी गिऱ्हाईक द्राक्ष तपासून घेतं, आपण चौकातली साल तपासून घेत नाही. तेव्हापासून चुळांसाठी मी भावाकडून न फवारलेल्या परसातल्या झाडाची सालं मागवते. तीही धुऊन. चौकातली सालं रंगाला.

दिवाळीत आम्ही सगळे माहेरी जमलो होतो. आई आता ब्याऐंशीची आहे. भाचीने प्रोजेक्टचे फोटो मोबाईलवर दाखवले. आईने चष्मा लावून ती बशी बराच वेळ पाहिली.

“ही डाळिंबाची साल?”

“हो आजी. आणि हे मोकळं दिसतंय ना, तिथले जंतू वाढले नाहीत.”

“म्हणजे सालीत गुण होता.”

“होता की.”

आईने मोबाईल परत दिला. माझा मुलगा तिथेच ओटीवर बसून फराळ करत होता. आता अठ्ठावीस वर्षांचा घोडा झालाय. आई त्याच्याकडे बघत म्हणाली, “पाणी पाजायचं तेवढं राहिलं माझ्याकडून.”

“आजी, मला काय झालंय, बघ ना,” तो तोंडात चकली घेऊन म्हणाला. आई हसली, डोळे पुसले आणि भावाला म्हणाली, माळ्यावरचं ते गाठोडं काढ. फडकं पार जीर्ण झालं होतं. डब्यातल्या हळकुंडाला, वेखंडाला कीड लागून भुगा झाला होता. सालटं मात्र होतं तसं, खडखडीत.

सहाण मी द्वारकेला घेऊन आले. सध्या तिच्यावर चंदन उगाळते. भाचीने पहिल्याच दिवशी शेजारी ओआरएसच्या दोन पुड्या आणून ठेवल्यात, घरात लहान मूल नसताना.